आठमैली फाटकापर्यंतचे अंतर

ॲथल क्विल्टीला मी फारसा ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या यारागूनमध्ये त्याला माझ्यापेक्षा जवळून ओळखणारे पुष्कळ होते. त्याच्याबरोबर रग्बी खेळलेले, त्याच्याबरोबर रेल्वेच्या गँगमध्ये खडी टाकलेले, त्याच्या आईच्या हातचा चहा प्यालेले. त्यांतले आता कोणी उरले नाही आणि मी उरलो आहे. पोस्टाच्या खिडकीच्या आत मी आणि बाहेर तो, एवढीच आमची ओळख. पाच वर्षांत सगळे मिळून आम्ही दोन तास तरी बोललो असू की नाही, शंका आहे.

लिहिण्याची मला सवय नाही. पोस्टात जन्म गेला, पण ते दुसऱ्यांनी लिहिलेले इकडून तिकडे करण्यात. गेल्या महिन्यात क्लबवाल्यांनी हॉलमध्ये जुने फोटो लावले, म्हणून मी पाहायला गेलो. १९४४ च्या संघाच्या फोटोत ॲथल मागच्या रांगेत टोकाला उभा आहे, अंगावर पिठाच्या पोत्याचे ठिगळ लावलेला मरून सदरा. खाली कोणीतरी सुबक अक्षरात लिहिले आहे : ‘या वर्षी अपात्र खेळाडू खेळवल्याने हॅनिगन कप गमावला.’ मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. शेजारच्या एका तरुण बाईने मला खुर्ची हवी का म्हणून विचारले. मी नको म्हणालो आणि घरी आलो.

तो अपात्र नव्हता. हे ठाऊक असलेला मी एकटाच आहे, आणि मी ते पन्नास वर्षे कोणाला सांगितलेले नाही.

हॅनिगन कप म्हणजे फार मोठी वस्तू नव्हती. हॅनिगन नावाच्या हॉटेलवाल्याने कधीकाळी दिलेला, एक कान वाकलेला पेला. त्याला सगळे टमरेलच म्हणत. ज्या गावाने जिंकला त्याने तो आपल्याकडे ठेवायचा, आणि पाळीपाळीने आव्हान द्यायला येणाऱ्या गावाशी शनिवारी आपल्याच मैदानावर खेळायचे. हरलात की त्याच संध्याकाळी टमरेल पाहुण्यांबरोबर गेले. आमच्याकडे ते पेटफर्डच्या कापडदुकानाच्या काचेत, पुरुषांच्या टोप्यांच्या मधोमध असायचे. येता-जाता लोक त्याच्याकडे पाहत, घरातल्या घड्याळाकडे पाहावे तसे.

ते आणले लायलने. लायल क्विल्टी हा ॲथलचा थोरला भाऊ, संघाचा कप्तान. हसरा, बोलका, नाचाला गेला तर बायका रांग लावायच्या असा. ॲथल त्याच्याहून चार वर्षांनी लहान, लांब हातांचा, घुमा. तो फुलबॅक खेळायचा. म्हणजे बाकी बारा जण पुढे आणि हा सगळ्यांच्या मागे एकटा. समोरचा बारा जणांना चुकवून निघाला तर त्याला आडवा पाडायला ह्याच्याखेरीज कोणी नाही, आणि ह्याच्या मागे फक्त दोन खांब. मी सामन्यांना जायचो, पण कुंपणाशी दूर उभा राहायचो. मला नेहमी त्या जागेची भीती वाटे. माझ्याच्याने तिथे उभे राहवले नसते.

१९४१ च्या जुलैत लायल सैन्यात निघाला, तेव्हा मी फलाटावर टपालाच्या थैल्या चढवत होतो. बँड वाजत होता. मिसेस क्विल्टी डब्याच्या खिडकीला धरून उभ्या होत्या. गाडी हलायच्या आधी लायल वाकून भावाला म्हणाला, “मी येईपर्यंत टमरेल हलू देऊ नकोस रे. आल्यावर त्यातून बिअर प्यायचीय मला.”

“धुऊन ठेवतो,” ॲथल म्हणाला.

मी तिथे नसतो आणि हे ऐकले नसते, तर पुढचे मला काहीच समजले नसते.

फेब्रुवारीत सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले. लायल आणि आमच्या भागातली किती तरी मुले तिथे होती. एका दिवसात सगळी गप्प झाली. पत्रे बंद. ॲथल दर सोमवारी दुपारी कामावरून सुटला की पोस्टात यायचा, टोपी काढायचा आणि विचारायचा, “काही आहे?” मी नाही म्हणायचो. तो टोपी घालून जायचा. असे दीड वर्ष चालले. मी आधीच पाहून ठेवलेले असायचे, तरी त्याच्यासमोर पुन्हा एकदा कप्पा चाचपायचो. तेवढेच माझ्याकडून होण्यासारखे होते.

त्याने स्वतः तीनदा भरतीला नाव दिले. रेल्वेने तिन्ही वेळा त्याला परत मागून घेतले. रूळ सांभाळायला माणसे नव्हती. पण लोकांना ते दिसत नव्हते, लोकांना शनिवारी मैदानावर धावणारा धडधाकट गडी दिसत होता. एकदा हॉटेलाच्या पायरीवरून कोणीतरी ओरडले, “क्विल्टी, खेळायला पाय आहेत वाटतं, लढाईला नाहीत.” तो थांबला नाही. मग एक लिफाफा आला. आत पांढरे पीस, लढाईला न जाणाऱ्याला भित्रा म्हणून पाठवतात ते, दुसरे काही नाही. त्याने तो खिडकीसमोरच उघडला, पीस पाहिले, पुन्हा आत घातले.

“हे परत पाठवता येतं का, विल्फ?”

“पाठवणाऱ्याचं नाव नाही त्यावर.”

“अक्षर ओळखत असशील तू. गावातली सगळी अक्षरं ओळखतोस.”

मी ओळखले होते. ती बाई दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसायची. पण टपालातले बाहेर सांगायचे नाही हा नियम. “मला सांगता येणार नाही,” मी म्हणालो.

 मला वाटले, आता चिडेल. तो म्हणाला, “बरोबर आहे तुझं,” आणि लिफाफा खिशात घालून गेला. त्या दिवसापासून त्याचा माझ्यावर विश्वास बसला असावा. आज वाटते, तेव्हाच ते नाव सांगून टाकले असते तर बरे झाले असते.

सैन्याने मला जाड चष्म्यामुळे परत पाठवले होते. पण मी शनिवारी कुठे धावत नव्हतो, म्हणून मला कोणी पीस पाठवले नाही.

१९४३ च्या सप्टेंबरात जपान्यांच्या कैदेतून लायलचे कार्ड आले. कैद्यांना मोजके शब्द लिहू देत. मी ते सकाळीच पाहिले, आणि सोमवारची वाट न बघता ॲथलच्या गँगकडे निरोप धाडला. तो मालाच्या गाडीवर बसून आला, अंगभर खडीची धूळ. कार्डावर होते : ‘मी बरा आहे. आईने काळजी करू नये. टमरेल आहे ना. लायल.’

ॲथलने ते तीनदा वाचले असेल. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे तोवर सरळ होईनाशी झाली होती; कार्ड तो मुठीत धरल्यासारखे धरायचा. “तारीख नाही,” तो म्हणाला.

“नसते त्यांच्या कार्डांवर.”

“आईला दाखवतो.” दारापर्यंत गेला आणि परत आला. “एक सांगतो, हसू नकोस. टमरेल इथं आहे तोवर तोही आहे. माझं असं डोक्यात बसलंय.”

“मी हसत नाही,” मी म्हणालो. खरेच हसलो नव्हतो.

तिथून पुढे त्याचे खेळणे मला बघवेनासे झाले. संघात उरले होते कोण? पन्नाशीला आलेला पाववाला, दम्याचा एक मास्तर, गव्हाच्या कोठारावरचे दोघे, आणि रजेवर आलेला कोणी शिपाई सापडला तर तो. एका शनिवारी बाराच जण घेऊन खेळले. पण टमरेल हलले नाही. ॲथलची खांद्याची हाडे एकदा मोडली, फासळ्या दोनदा. उजवा गुडघा तर पोस्टाच्या पायऱ्या चढताना वाजायचा. खिडकीच्या आत मला ऐकू यायचे. डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितले. तो त्यांना हो म्हणाला आणि शनिवारी गुडघ्याला पट्टा आवळून उतरला. पाववाला मला म्हणायचा, “आम्ही खेळतो गड्या. तो काय करतो ते आम्हाला पण कळत नाही. दार धरून उभं राहिल्यासारखा असतो.”

१९४४ च्या मार्चमध्ये मिसेस क्विल्टींना आठमैली फाटकावर फाटकवालीचे काम मिळाले. गाडी यायच्या आधी रस्ता बंद करायचा, गेल्यावर उघडायचा. राहायला रुळांजवळ घर. ॲथलही आईबरोबर तिकडे राहायला गेला. ती आता एकटी राहण्याच्या मनःस्थितीत नव्हती. आठमैली हे नाव रेल्वेने पलीकडच्या जंक्शनपासून मोजून ठेवलेले, आमच्या गावाशी त्याचा संबंध नव्हता. हे आम्हाला ठाऊक होते, पण टॅलाविनवाल्यांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

टॅलाविन हे शेजारचे गाव आणि जुने वैरी. ऑगस्टात ते आव्हान घेऊन आले. त्या वर्षी पाऊस नव्हता. मैदान विटेसारखे झाले होते आणि वाऱ्याने लाल माती उडत होती, दुसऱ्या टोकाचे खांब दिसत नव्हते. आमचे गुण आठ, त्यांचे सात, आणि चार मिनिटे उरलेली. त्यांचा कडेचा गडी चेंडू काखेत मारून निघाला, दोघांना चुकवून, आणि पुढे फक्त ॲथल. ॲथल त्याला गाठायला तिरपा धावला. धावला म्हणतो, खरे म्हणजे एक पाय ओढत होता. कोपऱ्यातल्या निशाणाच्या हातभर आधी त्याने त्याचे घोटे धरले आणि दोघेही कुंपणात गेले. तो गडी उठला. ॲथल उठला नाही. त्याला फळीवर घालून आणले तेव्हा मी कुंपणाशीच होतो. त्याचे तोंड मातीने लाल झाले होते. त्याने डोळे उघडून एकच विचारले, “हललं का?”

“नाही,” पाववाला म्हणाला. “तू हललास तेवढा.”

त्याच आठवड्यात टॅलाविनची तक्रार आली. कपाच्या नियमांत एक कलम होते : खेळाडूचे घर त्या गावाच्या पोस्टापासून रस्त्याने आठ मैलांच्या आत पाहिजे. मोठ्या गावांनी बाहेरून खेळाडू आणून उतरवू नयेत म्हणून ते घातले होते. टॅलाविनचा सेक्रेटरी स्ट्राउड नावाचा खाटीक होता. तो म्हणाला, ज्याच्या घराचे नावच आठमैली तो आठ मैलांच्या आत कसा? आमच्याकडचे हसले. पण स्ट्राउड हसण्यावर जाणारा नव्हता. मोजा, म्हणाला.

मोजायचे कोणी? गावाचा सर्व्हेअर सैन्यात होता, त्याची मोजणीची साखळीही त्याच्याबरोबर गेली होती. मोटारींना पेट्रोल नव्हते. शेवटी दोन्ही गावांनी माझे नाव काढले. पोस्टापासून मोजायचे तर पोस्टातल्या माणसाने मोजावे. शिवाय हा कोणाचे अर्धे यार्डही खाणार नाही, असे दोघांचे म्हणणे पडले. मला ती शाबासकी वाटली होती. नाही म्हणायचे मला सुचले नाही.

मी सायकलच्या पुढच्या चाकाच्या एका तारेला चिंधी बांधली. चाकाचा एक फेरा झाला की ती फटकन लागायची. टायरच्या अंगावर माप छापलेले होते, त्यावरून एका फेऱ्याचे सात फूट चार इंच. डाव्या खिशात सुके वाटाणे घेतले; शंभर फेरे झाले की एक वाटाणा उजव्या खिशात. मागून टांग्यात दोन साक्षीदार, एक टॅलाविनचा, एक आमचा पाववाला. दोघे वाटभर भांडत होते आणि मी ओठ हलवत मोजत होतो. एकदाही चुकलो नाही. पोस्टाच्या उंबऱ्यापासून आठमैली फाटकाच्या खांबापर्यंत सत्तावन्न वाटाणे आणि वर अठ्ठ्याऐंशी फेरे. मिसेस क्विल्टींनी तिघांना पाणी दिले. टॅलाविनच्या माणसालाही दिले. कागदावर गुणाकार केला, तो आठ मैल अडुसष्ट यार्ड भरला. मी तो पाच वेळा करून पाहिला.

सव्वीस ऑगस्टला तिसऱ्याच एका गावच्या हॉलमध्ये कपाच्या समितीची सभा झाली. ॲथल काठी घेऊन आला होता. त्याला बोलायला सांगितले तेव्हा तो उठला. “रुळांवरून ते साडेसात मैल आहे,” तो म्हणाला. “रस्त्याचा वळसा धरला तर अजून पाव. रोज चालतो मी ते. आठ होत नाहीत.”

स्ट्राउड म्हणाला, “पायांनी मोजतोस होय? एकच पाय धड आहे की तुझा.”

अध्यक्षांनी माझा कागद वाचून दाखवला. आमच्याकडचे लोक ओरडायला लागले, पुन्हा मोजा म्हणाले, कोणी म्हणाले दुसरा माणूस द्या. ते झाले असते. अध्यक्ष जवळजवळ तयार होते. पण ॲथल अजून उभाच होता. त्याने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीशी, टोपी हातात घेऊन उभा होतो.

“विल्फनं स्वतः मोजलंय?” त्याने विचारले.

मी मान हलवली.

“मग झालं,” तो म्हणाला, आणि खाली बसला.

त्याला तसे का वाटले, हे मला आजही सांगता येत नाही. ज्या गोष्टीवर भावाचा जीव टांगलेला आहे असे तो धरून चालला होता, ती त्याने माझ्या एका मान हलवण्यावर सोडून दिली. त्याच संध्याकाळी पेटफर्डने टोप्यांमधून टमरेल काढले आणि स्ट्राउडने ते मांसाच्या पोत्यात गुंडाळून नेले. पुढच्या सोमवारी ॲथल पोस्टात यायच्या आधी त्या काचेसमोर उभा असलेला मला खिडकीतून दिसला. आत धुळीत एक स्वच्छ गोल उरला होता.

गाव माझ्यावर रागावले. मला अडुसष्ट हे नाव पडले. “अडुसष्ट, दोन तिकिटं दे,” म्हणायचे. “अडुसष्ट, हे पत्र पोचेल ना, का अडुसष्ट यार्ड अलीकडेच राहील?” ॲथलने मला कधी तसे म्हटले नाही. तो यायचा, टोपी काढायचा. “काही आहे?” काही नसायचे.

लढाई संपली त्यानंतर दोन महिन्यांनी तार आली. तार मीच घेतली, आणि दुसऱ्या कोणाला न देता सायकलवरून स्वतः घेऊन गेलो. पोचलो तेव्हा मालगाडी यायची वेळ होती. मिसेस क्विल्टींनी फाटक लावले होते आणि पलीकडे एक ट्रक थांबला होता. त्यांनी माझ्या हातातला लिफाफा पाहिला, घेतला, वाचला. मालगाडी आली आणि गेली. त्यांनी तार एप्रनच्या खिशात घातली, दोन्ही फाटके उघडली, ट्रकवाल्याला हात केला. मग रुळांच्या कडेला खाली बसल्या. मी त्यांना उठवायला गेलो तर म्हणाल्या, “राहू दे बाळा. पुढची गाडी चाळीस मिनिटांनी आहे.”

ॲथल घरामागून आला. त्याने तार वाचली. कैद्यांना जपानकडे नेणारे जहाज पाणबुडीने बुडवले, त्यात लायल होता. तारीख : बारा सप्टेंबर १९४४.

तो त्या सरळ न होणाऱ्या बोटांवर मोजू लागला. मला समजायला वेळ लागला नाही.

“सव्वीस ऑगस्टला गेलं ते,” तो म्हणाला. “सतरा दिवस.”

मी म्हणालो की त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, समुद्रातल्या जहाजाला आमचे टमरेल कसे ठाऊक असेल. मी फार वेळ बोललो, माझ्या मानाने. तो म्हणाला, “तीन वर्षं होता की तो. तीन वर्षं त्याला काही झालं नाही.”

त्यानंतर तो गावात आला नाही. सोमवारी यायचे कारणही उरले नव्हते. पुन्हा खेळला नाही. गँगमधले सांगत, दिवसभर बोलत नाही, जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता रुळावर बसतो, गाडीची शिट्टी झाली तरी हाक मारल्याशिवाय उठत नाही. एकदा त्याला दोघांनी ओढून काढले. त्याच्या आईने मला विचारले, विल्फ, तो असा का झालाय, भाऊ गेला म्हणून असा कोणी होतो का. मला कारण ठाऊक होते, पण ते मी तिला सांगू शकलो नाही.

आता माझे सांगतो. १९४६ च्या जूनमध्ये मला नवे टायर मिळाले. लढाईच्या वर्षांत रबर मिळत नव्हते. आतली ट्यूब फाटली की आम्ही टायरात गव्हाचा पेंढा ठासून भरायचो आणि तारेने आवळायचो. सगळ्या गावाच्या सायकली पेंढ्यावर चालत होत्या. इतक्या, की ते आम्हाला दिसेनासे झाले होते. त्याच आठवड्यात सैन्याकडून मिसेस क्विल्टींच्या नावाचे रजिस्टर पाकीट आले आणि मी ते घेऊन निघालो. फेरे मोजायची मला त्या मोजणीच्या दिवसापासून खोड लागली होती. चिंधीही मी काढली नव्हती. हवा भरलेल्या चाकावर मी मोजत गेलो. आठमैली फाटकाच्या खांबाशी पोचलो तेव्हा आकडा आला पाच हजार पाचशे ब्याण्णव.

मला वाटले चुकलो. मग मी खाली उतरून चाकाकडे पाहिले. अंगठ्याने दाबून पाहिले. घट्ट होते. पेंढ्याचे चाक माझ्या वजनाखाली दबायचे, त्याचा फेरा छोटा व्हायचा. छापलेले माप भरल्या चाकाचे. एवढे साधे होते ते. मी, पाववाला, तो टॅलाविनचा माणूस, सभेतले सगळे. सगळ्यांनी तो पेंढा पाहिला होता. मी पाकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीने गुणाकार केला. सात मैल आणि वर पाऊण. ॲथलने पायांनी मोजले होते तेवढेच. तो चारशे यार्ड आत होता. कप गेलाच नव्हता. मी तो घालवला होता.

पुढचे लिहिण्याआधी एक सांगून ठेवतो, कारण शेवटी सांगण्यासारखे काही उरणार नाही. त्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडच्या जून-जुलैत, रेल्वेने ॲथलला आणि त्याच्या आईला दूर पश्चिमेकडच्या लाइनवर बदलीवर पाठवले. त्याची आई तिकडे तिसऱ्या वर्षी वारली, आणि तो १९६१ मध्ये. तीन ओळींची बातमी वर्तमानपत्रात आली. लिहिले होते की गाडीखाली अपघात. अपघात असेल. मी त्याला तीन पत्रे लिहिली होती. तिन्ही माझ्या खणात आहेत. पोस्टातल्या माणसाने पत्र टाकू नये, हे कोणाला पटणार नाही.

तर मी खांबाशी उभा होतो आणि ॲथलने घरातून हाक मारली, “विल्फ, काय बघतोस? खांब पळून जाणार नाही.” त्याने थट्टा केली म्हणून मला बरे वाटले. मी आत गेलो. सामान बांधायला काढले होते, खुर्च्या एकीवर एक ठेवल्या होत्या. मिसेस क्विल्टींनी सही करून पाकीट घेतले आणि न उघडता आतल्या खोलीत नेले. ॲथलने मला चहा दिला. तो खूप वाळला होता. मी चहा हातात धरून बसलो आणि म्हणालो, “ॲथल, त्या दिवसाच्या मोजण्याचं बोलायचं होतं.”

“नको.”

“नाही, ऐक. मी—”

“मला ठाऊक आहे तुला त्रास झाला,” तो म्हणाला. “अडुसष्ट म्हणायचे तुला, मी ऐकलंय. दुसरा कोणी असता तर गावासाठी शंभर यार्ड खाल्ले असते आणि झोपला असता. मी विचार करतो ना दिवसभर, सगळं उलटंसुलटं येतं. लायलचं, त्या पिसाचं, माझ्या ह्या पायाचं. तेवढी एक गोष्ट आहे ज्यात कोणी फसवलं नाही मला. तू खरं मोजलंस. म्हणून मला धरायला काहीतरी आहे. कळतंय ना?”

मी हो म्हणालो. पाकिटाच्या मागचा माझा गुणाकार आतल्या खोलीत गेला होता. मी चहा संपवला. तो गार झाला होता. बोललो तर टमरेल खरे गेलेच नव्हते, म्हणून भाऊही त्याच्या हातून गेला नाही असे होईल, पण त्याने धरलेली तेवढी एक गोष्टही जाईल. न बोललो तर हा असाच राहील. मी तिथे बसून ते तोलत राहिलो आणि मला ते ठरवता आले नाही. आजही येत नाही. बाहेर तारांमध्ये गुणगुण सुरू झाली. गाडी लांबवर होती.

मी उठलो. तो काठी घेऊन दारापर्यंत आला.

“निघतो मग,” मी म्हणालो.

“जाताना फाटक लाव, आई आत आहे.”

“लावतो.”